रेडिएटरचं रक्त

बस चढाच्या माथ्यावर येऊन थांबली आणि तिच्या पुढच्या भागातून लाल पाणी रस्त्यावर सांडू लागलं, तेव्हा सगळे उतारू खाली उतरून हात जोडून उभे राहिले. बॉनेटच्या फटींतून वाफ फुसफुसत होती. गाडी रक्त ओकतेय, असं कोणीतरी म्हणालं आणि गर्दी चार पावलं मागे सरकली. आसपासच्या घरांतली, दुकानांतली माणसंही हातातली कामं टाकून धावली. चमत्कार फुकट बघायला मिळत असला की माणसाला वेळेची कमतरता पडत नाही.

या चमत्काराचे मालक म्हणजे वाफबाबा. माथ्यावरच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचा मुक्काम. गाडी तापली की ते डुलत डुलत यायचे, आधी इंजिन बंद करायला लावायचे आणि मग डोळे मिटून मंत्र सुरू करायचे. मंत्र भलताच लांबलचक होता. वाफ निवेपर्यंत तो काही संपत नसे. मग बाबा रेडिएटरचं टोपण उघडून आपल्या तांब्यातलं पाणी आत ओतत, टोपणावर काळी दोरी करकचून बांधत आणि बजावत, की भूत आत कोंडलंय, माझ्याशिवाय कोणी ही दोरी सोडली तर त्याचा वंश बुडेल. त्या चढावरच्या एकाही जुन्या गाडीच्या ड्रायव्हरची त्या दोरीला हात लावायची छाती नव्हती.

बिनब्रेकचीही नव्हती. बिनब्रेक म्हणजे या बसचा ड्रायव्हर. सुसाट गाडी हाकतो म्हणून हे नाव पडलेलं. एरवी कोणाच्या बापाला न भिणारा गडी, पण बाबांपुढे त्याची शेळी व्हायची. त्याचा थोरला भाऊ याच वळणावर गाडी उलटून गेला होता. वळणाच्या कडेच्या घरात भावाची बायको एकटी राहायची, लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. आई गेल्यावर याच वहिनीनं बिनब्रेकला लहानाचा मोठा केला होता.

आज मात्र गर्दीत कुजबुज होती. दोरी बांधूनही गाड्या पूर्वीपेक्षा जास्तच तापत होत्या. मंत्र जुना झाला की काय, असं एक उतारू हसत म्हणाला, आणि बाबांनी ते ऐकलं. त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. हात वर केला आणि बोट वळणावरच्या घराकडे रोखलं.

"भूत बाहेरचं नाही. मेलेला नवरा रक्त मागतोय, आणि त्याची बाई त्याला आपल्या गाड्या दाखवतेय."

पुढचं फार झटपट झालं. माणसांनी दार लाथेनं फोडलं. वहिनीला केसांना धरून फरफटत बाहेर काढलं, तेव्हा तिच्या गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती. रोज तिच्याकडून कपडे शिवून नेणाऱ्या बायकांनीच तिला पहिल्या चपला हाणल्या. एकाची काठी तिच्या डोळ्याच्या वर, कपाळात बसली आणि भळाभळा रक्त वाहू लागलं. रोज याच बसनं हॉस्पिटलला जाणारी डॉक्टरीणबाई मध्ये पडायला गेली, तर तिच्या पोटात कोपर बसलं. बिनब्रेक बॉनेटला टेकून उभा होता. त्याहून वाईट म्हणजे, बाबांचं खरं असलं तर, असा एक विचार त्याच्या मनाला शिवून गेला होता. तेवढ्यात वहिनीनं रक्तानं माखलेल्या तोंडानं त्याच्याकडे पाहिलं.

तिला बॉनेटपाशी आणून उभं केलं. बाबांनी दोरी सोडली आणि फर्मान काढलं, की हिनं टोपण उघडावं. निर्दोष असेल तर वाफ हिला शिवणार नाही. दोघांनी तिचे हात धरून पुढे ओढले. आत अजून खदखदत होतं.

"बाबा, आधी तुम्ही उघडा," डॉक्टरीणबाई पोट धरून उठत म्हणाली. "तुमच्यात तर देव आहे. मंत्र न म्हणता उघडा."

"मंत्राआधी टोपणाला हात लावायचा नसतो," बाबा म्हणाले.

"मग तिला कसा लावायला सांगता?"

बाबा एक पाऊल मागे सरले, आणि ते पाऊल बिनब्रेकनं पाहिलं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं बाबांची मानगूट धरली, एक ठोसा तोंडावर ठेवून दिला आणि त्यांचा हात ओढत टोपणावर नेला.

"सोड रे, मेलो," बाबा किंचाळले. "आत प्रेशर आहे. गरम असताना उघडलं तर तोंड सोलून निघतं. गॅरेजात असताना भाजलोय मी."

एवढं बोलून त्यांनी जीभ चावली, पण उशीर झाला होता. वहिनीचे हात धरणाऱ्या दोघांनी ते हळूच सोडले.

बिनब्रेक टोपण फिरवायलाच निघाला होता. डॉक्टरीणबाईनं त्याचं मनगट पकडलं. "त्याचं तोंड भाजून तुझी वहिनी वाचणार नाही. हिला टाके पडायला हवेत. मला ही बस चालू पाहिजे."

तिनं वहिनीला पायरीवर बसवून जखम दाबून धरली आणि तशीच बोलत राहिली. वडिलांच्या जुन्या गाडीत तिनं हे सगळं पाहिलं होतं. ओकायला लावणारं भूत नव्हतं, चिरलेली रबरी नळी होती. रक्त नव्हतं, इंजिन थंड ठेवणारं लाल रंगाचं कूलंट होतं आणि त्यात साध्या पाण्यानं चढलेला गंज. बिनब्रेकनं दोरी बांधल्यापासून सीटखाली तसाच पडलेला कूलंटचा डबा काढून रस्त्यावर थोडं ओतलं. तोच रंग. बाजूलाच वहिनीचं खरं रक्त सांडलं होतं, ते आता काळं पडत होतं. दोन्ही शेजारी बघून कोणाला काही विचारावं लागलं नाही.

"आणि फुसफुस ऐकू येतेय का कोणाला?" बाईनं विचारलं.

येत नव्हती. या सगळ्या मारामारीत मंत्राचा एक शब्दही कोणी उच्चारला नव्हता, तरी इंजिन निवलं होतं. बंद ठेवलं की निवतंच. दोरीच्या भीतीनं टोपण कोणी उघडत नव्हतं, म्हणून आत पाणी आहे की नाही हेच कळत नव्हतं, म्हणून गाड्या तापत होत्या, आणि तापल्या की बाबांचं दुकान चालत होतं.

बिनब्रेकनं फडकं धरून टोपण जपून उघडलं. आतून नुसता उसासा निघाला. त्यानं तेच फडकं चिरलेल्या नळीवर गुंडाळून बाबांच्याच काळ्या दोरीनं आवळलं, कूलंट भरलं आणि बस सुरू केली. रस्ता आपोआप मोकळा झाला. बाबांना मागच्या सीटवर दोघांनी दाबून बसवलं होतं, पोलीस चौकी हॉस्पिटलच्या वाटेवरच होती.

वहिनी वाचली. एका डोळ्यानं तिला आता दिसत नाही, सुईत दोरा बिनब्रेक ओवून देतो. शुद्धीवर आल्यावर तिनं त्याला एकच गोष्ट विचारली, "तुलाही खरं वाटलं होतं का रे?" तो खोटं बोलू शकला नाही.

तो आता रोज सकाळी, इंजिन थंड असताना, सगळ्या उतारूंसमोर टोपण उघडतो, पाणी बघतो, नळ्या चाचपतो. काठी चालवणारेही त्या बसमध्ये असतात आणि मान खाली घालून बघतात. त्यांना तो फार काही सांगत नाही. गाडी तापली तर गाडी उघडून बघा, एवढंच म्हणतो. कोणाच्या घराचं दार फोडू नका.