बदली तासाच्या चिठ्ठ्या

शाळेतला एकही वर्ग रिकामा राहू द्यायचा नाही, हा पर्यवेक्षकांचा एकच नेम होता, आणि तो त्यांनी इतक्या निष्ठेनं पाळला की शाळेत त्यांना मित्र म्हणून कोणी उरला नाही. एखादा शिक्षक रजेवर गेला की त्याचा तास दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात बांधायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी ते बोटभर लांबीची चिठ्ठी काढत. वर तुकडी आणि तास, खाली सहीची जागा. ती चिठ्ठी घेऊन ते व्हरांड्यातून निघाले की शिक्षकांच्या खोलीत पळता भुई थोडी होई. कोणाला एकाएकी तहान लागे, कोणाला घरचा फोन आठवे, आणि भूगोलाच्या बाई नकाशांच्या कपाटामागे जाऊन बराच वेळ एखादा महासागर शोधत बसत. पण चिठ्ठी बरोबर माणूस गाठायची. एकदा समोर आली की सही करावीच लागे. कुरकुर करायची मुभा होती, नाही म्हणायची नव्हती. हळूहळू त्यांचं खरं नाव मागे पडलं आणि ते चिठ्ठीसर झाले. त्यांना हे ठाऊक होतं. ते काही मनाला लावून घेत नसत, कारण शाळेत काही जणांना याहून वाईट नावं होती.

मग साथ आली आणि शाळाच बंद झाली. मुलं मोबाईलच्या पडद्यावर आली, तीही निम्मी तोंड न दाखवता. पडद्यावरचा तास रिकामा गेला तरी कुठे गोंगाट होत नाही, याचा चिठ्ठीसरांना फार त्रास झाला. रिकामा वर्ग त्यांना व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकावरून ऐकू यायचा. आता ऐकण्यासारखं काहीच राहिलं नव्हतं.

बऱ्याच महिन्यांनी हुकूम आला की निदान सर्वांत वरच्या वर्गाच्या तुकड्या तरी भरवा. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या कार्यवाहांनी कंबर कसली. हे गृहस्थ बोलायला गोड होते आणि ऐकायला कमी. त्यांनी फाटकाशी पायानं दाबायची जंतुनाशकाची बाटली बसवली, मुलांनी उभं राहायला मैदानावर पिवळे गोल काढून घेतले आणि प्रत्येक खिडकीवर ‘हवा खेळती ठेवा’ असा कागद चिकटवला. खिडक्या मात्र उघडत नव्हत्या. रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचा आवाज आत येतो म्हणून शाळा बंद असतानाच त्यांना अखंड काचा बसवल्या होत्या. कार्यवाहांना त्या काचांचं भारी कौतुक होतं.

विज्ञानाच्या सरांनी यावर एक प्रयोग केला. एका वर्गात जाऊन दोन डस्टर एकमेकांवर आपटले, बाहेर येऊन दार लावलं आणि सगळ्या शिक्षकांना दाराच्या काचेतून आत बघायला लावलं. उन्हाच्या पट्ट्यात खडूची पूड तरंगत होती. सगळे डबे खाऊन परत आले, तरी ती तरंगतच होती.

“ही दिसते म्हणून कळतंय तरी,” सर म्हणाले, आणि प्रयोगानंतर निष्कर्ष सांगायची सवय असल्यामुळे त्यांनी तोही सांगितला. खिडक्या उघडेपर्यंत कोणीही वर्गात पाऊल टाकायचं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंना विचारावं, तर त्या स्वतःच आजारी पडून घरी एका खोलीत बंद होत्या. फोनवर त्या खोकल्या, “सांभाळून घ्या” म्हणाल्या आणि पुन्हा खोकल्या.

शिक्षकांनी काम नाकारलं खरं, पण काम नाकारतात कसं हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. ते रोज वेळेवर येत. इमारतीत न जाता सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसत, कारण तो तिन्ही बाजूंनी उघडा होता. घरून आणलेल्या खुर्च्या, स्टुलं आणि एक उपडी बादली अशी बैठक ऐसपैस अंतर ठेवून मांडलेली असे, आणि तीही नोकरीतल्या ज्येष्ठतेप्रमाणे. भाषेच्या बाईंनी एक घोषणा लिहिली होती. ती इतकी सुंदर झाली की एका दमात म्हणता येईना, म्हणून तो विषय मागे पडला. बाकी वेळ कोणी विणकाम करी, कोणी जुने पेपर तपासत बसे. मधल्या सुट्टीची वेळ झाली की सगळे उठून पाय मोकळे करत. सुट्टी नेमकी कशापासून घेतोय हे कोणी विचारलं नाही.

सगळ्यांत शेवटच्या स्टुलावर चित्रकलेच्या बाई बसत, कारण त्या सगळ्यांत नव्या होत्या. या बाई म्हणजे चिठ्ठीसरांची सून. तिला पाचवा महिना लागला होता. त्याआधीचं एक बाळ पोटातच गेलं होतं, आणि त्यानंतर घरात कितीतरी दिवस कोणी टीव्हीसुद्धा लावला नव्हता. या खेपेला डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं, आणि चिठ्ठीसरांची बायको अशी जपत होती की दुधाच्या पिशव्यांनाही साबणानं अंघोळ घालत होती. हक्काची रजा सुनेनं बाळंतपणासाठी राखून ठेवली होती. ती आत्ताच मोडली तर नंतर बाळाला टाकून कामावर यावं लागलं असतं.

चिठ्ठीसर स्वतः स्टँडमध्ये बसत नसत. पर्यवेक्षक ना धड शिक्षकांतला, ना धड मंडळाचा. ते इमारतीत जात, पण आपल्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकत, म्हणजे फार आत गेल्यासारखं होऊ नये. घरी या विषयावर कोणी बोलत नव्हतं. फक्त बायको एकदा पोळ्या करता करता म्हणाली होती, “अहो, तुम्ही काय ते नीट करा. मला यातलं कळत नाही, पण काही झालं तर मी तुमच्याशी बोलणार नाही.” ती खरोखर बोलली नसती. चिठ्ठीसरांनी मान हलवली आणि काय नीट करायचं हे विचारायचं राहून गेलं.

सोमवारी कार्यवाहांनी मुलांना बोलावून घेतलं. मुलं आली आणि तोंडाला मास्क बांधून पिवळ्या गोलांत उभी राहिली. कार्यवाह चिठ्ठीसरांच्या दारात आले.

“सर, मुलं आलीत. आता वर्ग भरले नाहीत तर पालक माझं डोकं खातील. तुमचं ऐकतात सगळे.”

“माझं कोणी ऐकत नाही. चिठ्ठीवर सही करतात.”

“मग काढा की चिठ्ठ्या.”

आता खरं तर हा वेडेपणा होता. जे शिक्षक वर्गात जायला तयारच नाहीत, त्यांना चिठ्ठी देऊन काय होणार? पण चिठ्ठीसरांचा हात त्यांच्या डोक्याच्या आधी कामाला लागला. वेळापत्रक समोर घेतल्यावर त्यांना सगळं स्वच्छ दिसलं. गणिताच्या सरांनी आपला गणिताचा तास नाकारलाय, तेव्हा तो तास मोकळा. भाषेच्या बाईंनी भाषेचा नाकारलाय, म्हणजे त्या तासाला बाई मोकळ्या. मोकळा तास आणि मोकळा माणूस यांची गाठ घालायची, इतकंच तर काम. त्यांनी भाषेच्या बाईंना गणितावर बसवलं, गणिताच्या सरांना इतिहासावर, आणि विज्ञानाच्या सरांना भाषेवर. पहिल्या तासाला पाळीनं चित्रकलेच्या बाईंचं नाव येत होतं. चिठ्ठीसर क्षणभर थांबले. पण घरचं माणूस म्हणून वगळलं असं कोणी म्हणायला नको, आणि इतक्या वर्षांत त्यांनी पाळी कधी मोडली नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहिली.

ते चिठ्ठ्या घेऊन स्टँडकडे निघाले तेव्हा सवयीनं दोघेजण उठून पळायला बघू लागले, पण पळायला तिथे कपाट नव्हतं. चिठ्ठीसरांनी हात लांब करून एकेकाला चिठ्ठी दिली.

भाषेच्या बाईंनी ती वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“तिसरा तास? सर, शाळा बंद व्हायच्या आधीसुद्धा शेवटचा बदली तास मीच घेतला होता.”

“तो चौथा होता,” चिठ्ठीसर म्हणाले.

“आणि मला इतिहास?” गणिताचे सर म्हणाले. “भूगोलाच्या बाई बसल्यात ना तिथे मोकळ्या.”

“मला दुसरा तास आहे,” भूगोलाच्या बाई चिठ्ठी फडकावत म्हणाल्या. “माझ्याकडे बोट दाखवायचं कारण नाही.”

बघता बघता स्टँडमध्ये असा वाद पेटला, जसा खिडक्यांसाठीही पेटला नव्हता. कोणावर किती अन्याय झाला, कोणाला नेहमी शेवटचा तास येतो, सगळं बाहेर निघालं. आपण वर्गात जायचंच नाही असं ठरलंय, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही आली नाही. त्यांनी आपले तास नाकारले होते. बदली तासाबद्दल कोणी काही ठरवलंच नव्हतं, आणि चिठ्ठी समोर आली की कुरकुर करून सही करायची हे अंगवळणी पडलं होतं. विज्ञानाचे सर सगळ्यांवर आवाज चढवून म्हणाले की हे साफ चूक आहे, भाषेत त्यांना गती नाही. मग त्यांनीही सही करून चिठ्ठी बाकीच्यांसारखी चिठ्ठीसरांच्या हातात ठेवली.

सुनेनं चिठ्ठी वाचली, मांडीवर ठेवून सही केली, स्टुलाला हात टेकून सावकाश उठली आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकून पर्स खांद्याला अडकवली. तिचा पहिला तास होता आणि घंटा व्हायची वेळ झाली होती.

ती उन्हातून इमारतीकडे चालायला लागली. सगळं चिठ्ठीसरांच्या मनासारखं झालं होतं. सगळ्या सह्या मिळाल्या होत्या. आणि ती निघाली होती त्या वर्गात, जिथे खडूची पूड जेवणानंतरही खाली बसत नाही. ते घाईघाईनं तिच्या मागे गेले.

“थांब,” ते म्हणाले. “तो तास मी घेतो. तू बस जाऊन.”

तिनं वळून पाहिलं. मास्कमुळे तिचे डोळेच तेवढे दिसत होते, आणि ते रागावलेले नव्हते, नुसते थकलेले होते.

“आणि संध्याकाळी?” तिनं विचारलं.

“संध्याकाळी काय?”

“संध्याकाळी तुम्ही कुठे जाणार, बाबा? घरीच याल ना?”

आयुष्यभर एकाची अडचण दुसऱ्यावर टाकून चिठ्ठीसरांनी भागवलं होतं, आणि ते भागत होतं, कारण वर्गात कोण उभं आहे यानं वर्गाला फरक पडत नव्हता. इथेही कोणीही उभं राहिलं तरी फरक पडत नव्हता, पण उलट्या अर्थानं. आत जाणारा जे घेऊन बाहेर येणार, ते घरीच नेणार. त्यांनी स्टँडकडे पाहिलं आणि चिठ्ठी काढताना चाळायचे तशी माणसं मनात चाळली. विज्ञानाच्या सरांची आई श्वासाच्या यंत्रावर. भूगोलाच्या बाईंचे यजमान नुकतेच छातीच्या ऑपरेशनमधून उठलेले. गणिताच्या सरांना स्वतःलाच मधुमेह. हे सगळं त्यांना कधीपासून माहीत होतं, पण वेळापत्रकात त्याला रकाना नव्हता. त्यांनी पुन्हा एकदा पहिल्यापासून चाळून पाहिलं. पहिल्या तासाला मोकळं असं कोणीच नव्हतं.

“चिठ्ठी दे,” ते म्हणाले.

तिनं दिली. त्यांनी ती बाकीच्या चिठ्ठ्यांबरोबर फाडली आणि कपटे खिशात घातले, कारण मैदानावर कचरा केलेला त्यांना खपत नसे. त्यांना भीती वाटत होती, कार्यवाहांची नव्हे, तर आणखी दहा पावलं ती आत गेली असती याची.

कार्यवाह पायऱ्यांवर उभे होते. “काय सर, जमलं ना? पहिल्या तासाला कोण?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही म्हणजे?”

“ऑफ,” चिठ्ठीसर म्हणाले. रिकाम्या तासाला मुलं म्हणतात तो हा शब्द त्यांनी शाळेत कधी उच्चारला नव्हता, त्यामुळे तो जरा मोठ्यानं गेला आणि पिवळ्या गोलांतल्या मुलांपर्यंत पोचला. मुलं कित्येक महिन्यांत शाळेत आली नव्हती, पण काही गोष्टी विसरत नाहीत. मैदानभर आनंदाचा कल्लोळ उठला.

कार्यवाहांनी तो ओसरू दिला. “आणि दुसरा तास?”

“तोही. खिडक्या उघडेपर्यंत सगळेच.”

“मी तुमच्या जागी दुसरा माणूस बसवीन, सर.” त्यांचा आवाज अजूनही गोडच होता.

चिठ्ठीसरांनी यावर विचार केला. मागणी रीतसर होती. त्यांनी खिशातून पेन काढलं.

“बसवा,” ते म्हणाले. “नाव सांगा. चिठ्ठी मी काढून देतो.”

कार्यवाहांनी सायकल स्टँडकडे पाहिलं. तिथला वाद थांबला होता. सगळे शिक्षक आपापल्या जागी बसून त्यांच्याकडे सरळ पाहत होते, आणि या वेळी कोणालाही तहान लागली नव्हती. कार्यवाहांनी एकामागून एक सगळ्यांवरून नजर फिरवली. चिठ्ठीसर पेन उघडून बराच वेळ थांबले. नाव काही आलं नाही.