हेच का ते पाणी?

मी मासोळी बोलतेय. दचकू नका. आमच्या जातीला तोंड आहे ते फक्त पाणी प्यायला, असं तुम्ही समजता. पण जे पाहिलं ते पोटात ठेवलं, तर मला पाणीसुद्धा गोड लागायचं नाही.

माझी जात रोहू. माहेर जिजाबाईची बोडी. बालाघाटहून कटंगीकडे येताना धानाच्या बांध्यांमध्ये लहान लहान तळी दिसतात ना, त्यांनाच आमच्याकडे बोडी म्हणतात. बोटाच्या पेराएवढी होते तेव्हा जिजाबाईने मला त्यात सोडलं. रोज सकाळी ती काठावर उकिडवी बसायची, कोंडा टाकायची आणि आमच्याशी बोलायची. सुनेची गाऱ्हाणी शेजारणींच्या आधी आम्हाला कळायची.

बोडीच्या वरच्या अंगाला, नाल्याकाठी, एक राईस मिल आहे. तिथे धान वाफवून तांदूळ काढतात आणि मागे उरतं पिवळट, आंबूस वासाचं पाणी. ते सुधारायला मोठा हौद आहे, हौदात हवा सोडणारं यंत्र आहे. यंत्र चाललं तर पाणी सुधारतं. पण ते चालायचं प्रदूषण खात्याचे साहेब तपासणीला यायचे तेव्हा. एरवी मिलचे मालक शेठजी वीज वाचवायचे, आणि अहवालात त्यालाही पर्यावरणाची सेवा म्हणायचे!

दीपिका तिथली पर्यावरण मॅडम. कटंगीचीच पोरगी, शिकूनसवरून आलेली. यंत्र रात्रंदिवस चाललं पाहिजे, असं तिने शेठजींना परोपरीने सांगितलं.

"मॅडम, दिखना चाहिए," शेठजी म्हणाले. "बाकी हम देख लेंगे."

दिसण्याची युक्ती मात्र दीपिकानेच काढली. फाटकाशी काचेची टाकी ठेवायची, तिच्यात मिलचं सुधारलेलं पाणी भरायचं आणि मासोळ्या सोडायच्या. तिचा हेतू वाईट नव्हता हो. पहिल्या मासोळ्या तिने खरोखर मिलच्याच पाण्यात सोडल्या. दिवस मावळायच्या आत त्या पोट वर करून तरंगल्या. आणि टाकी बघायला शेठजींचे पाहुणे दुसऱ्याच दिवशी यायचे होते.

"काका, आजच्यापुरतं बोअरचं पाणी भरा," ती हौद सांभाळणाऱ्या शालिकरामला म्हणाली. आजच्यापुरतं म्हणजे किती, ते तुम्हा माणसांना मी काय सांगू?

मग नव्या मासोळ्या हव्या होत्या, म्हणून आम्ही आलो. जिजाबाई आमचे पैसे घेईना. "लेकी देऊन राह्यली तुमच्या घरी," ती म्हणाली. "सुखात ठेवजो, पोरी."

सासर थाटाचं होतं. येणारे-जाणारे काचेला नाक लावून बघायचे. मिलच्या शाश्वत व्यवस्थापनाच्या अहवालात पहिल्याच पानावर माझा फोटो छापून आला. खोटं कशाला सांगू, मी फुगले. ज्या पाण्याचा मी दाखला देत होते, त्याचा एक थेंबही माझ्या अंगाला लागलेला नव्हता, हे तेव्हा मनात आलं नाही.

वैशाखात बोडी आटू लागली. नाल्यात मिलचं पाणी वाहत होतं, पण गावात कोणी ते ढोरांनाही पाजत नव्हतं. जिजाबाई टाकीपाशी आली. माझ्या शेपटीची जुनी चीर तिने लगेच हेरली.

"हे तं आपलीच पोरगी! माह्या हातचं खाल्लेली मासोळी खोटं कायले सांगन?" मग ती दीपिकाकडे वळली. "हेच पाणी नाल्यात येते का वो, पोरी?"

शेठजी मागेच उभे होते. दीपिकाने मान खाली घातली.

"हौ, आजी. हेच."

मी काचेवर धडका दिल्या. शेपटी आपटली. जिजाबाई हरखली. "वयखलं वो मले!" म्हणाली, आणि घरी जाऊन तिने बांध फोडून नाला बोडीत घेतला.

पुढची बातमी तिनेच आणली. त्या दिवशी पर्यावरणाच्या पुरस्कारासाठी मिलची पाहणी करणारे पाहुणे यायचे होते. फाटकावर तोरण होतं, खुर्च्या मांडल्या होत्या. जिजाबाई ओल्या फडक्यात एक मेलेली रोहू गुंडाळून उभी राहिली. भांडायला आली असती तर बरं झालं असतं.

"पोरी, तुमी या मासोळ्यांले काय चारता वो? तेच पाणी, तेच बीज. माह्याच काहून मेल्या? माह्याच हातून काही चुकलं असन."

दीपिका त्या फडक्याकडे बघतच राहिली. मग ती ओरडली, "काका, टाकी रिकामी करा! मासोळ्या बादलीत काढा, टाकीत नाल्याचं पाणी भरा."

"मॅडम, पाहुणे..." शालिकराम चाचरला.

"त्यांच्यासाठीच भरा."

बादलीतून मला वरचं पत्र्याचं छत तेवढं दिसत होतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. गाड्या थांबल्या. बुटांचे आवाज आले. कोणीतरी नाकाला रुमाल लावून विचारलं, "इसमें तो मछलियाँ थीं ना?"

"या पाण्यात जगत नाही," दीपिका म्हणाली. ती पाहुण्यांशी नाही, जिजाबाईशी बोलत होती. "कधीच जगल्या नाही, आजी. या बोअरच्या पाण्यातल्या हाय. मी तुले खोटं सांगितलं."

मग बादलीवर जिजाबाईचा चेहरा आला.

"मेलेलीनं खरं सांगितलं," ती हळूच म्हणाली. "जितीनं फसवलं मले."

त्याच बादलीतून तिने आम्हाला घरी आणलं. पुरस्कार गेला. दीपिकाची नोकरीही जाईल म्हणतात. टाकी फाटकावरच आहे, तिच्यात रोज नाल्याचंच पाणी भरतात. झाकायची आता सोय नाही. हौदातलं यंत्र चालू झालंय. ते किती दिवस चालेल, मी काय सांगू?

जिजाबाईने घाण पाणी उपसून बोडीत विहिरीचं पाणी सोडलंय, जेमतेम गुडघाभर. मी माहेरी आले, पण माहेरी कोणी राहिलं नाही. परवा दीपिका आली होती, काठावर उभं राहून रडली.

तेव्हा बाबांनो, कुठे काचेमागे मासोळी मजेत पोहताना दिसली, तर तिचं कौतुक करण्याआधी विचारा, हे पाणी कुठून आणलं? आणि ज्याला विचाराल त्याच्या डोळ्यांकडे बघा.

आज सकाळी जिजाबाई कोंडा घेऊन काठावर बसली. "तुहा काय दोष, माय?" म्हणाली. दीपिकाला निदान मान खाली घालता आली होती. मासोळीला मान नसते, पापण्याही नसतात. मी तिच्याकडे बघतच राहिले.