रिंडलच्या पेटीतला अडकित्ता

मी एक जुना अडकित्ता आहे. जबडा तसाच म्हणून नाव तेच, पण सुपारीशी माझा काही संबंध नाही, मित्रांनो. मी माणसांना डोंगरावर चढवतो.

ख्राइस्टचर्च शहराजवळ रिंडल नावाचा एक लहानसा बर्फाचा उतार आहे. तिथे बसून वर जाण्याच्या खुर्च्या नाहीत. खाली एक इंजिन धडधडत असते आणि त्याच्या जोरावर एक जाड दोर चाकांवरून सारखा वर पळत असतो. पायांत बर्फावर घसरायच्या स्की बांधलेल्या माणसाने आधी हाताने दोर धरायचा, थोडा वेग आला की माझा लोखंडी जबडा दोरावर मिटायचा आणि दांडी घट्ट धरून ठेवायची. मी दोराला चावतो, मला जोडलेल्या कमरेच्या पट्ट्याला ओढ बसते आणि माणूस वर निघतो. माथ्यावर दांडी सोडली की मी तोंड उघडतो. काम एवढेच, पण ते मी इमानाने केले.

माझा जन्म कॉलिन हॅड्रेलच्या घरामागच्या शेडमध्ये झाला. तो तेव्हा ऐन तारुण्यात होता. त्याने माझा जबडा घडवला आणि त्याच्या बायकोने, नोएलीनने, जुन्या तंबूचे जाड कापड दुहेरी करून माझा पट्टा शिवला.

"टाके घट्ट घालतेय हं," ती कॉलिनला म्हणाली. "पट्टा तुटून तू घसरलास, तर तुझ्यामागची सगळी रांग आडवी होईल. मग अख्ख्या क्लबची भांडी तूच घासायचीस!"

ते चेष्टेचे बोलणे नव्हते. रिंडल हा हौशी लोकांनी मिळून चालवलेला क्लब, तिथे नोकरचाकर नसतात. जो येतो तो हाताला लागेल ते काम करतो. कोणी बर्फ उपसतो, कोणी सॉसेज भाजतो, कोणी भांडी घासतो. दोराच्या पायथ्याशी एक लाकडी पेटी असते. ज्याच्याकडे पट्टा नसेल त्याने तिच्यातला घ्यायचा आणि परत तिच्यातच टाकायचा. पेटीत पडलेली वस्तू कोणा एकाची राहत नाही. ती सगळ्यांची होते आणि तिथून कोणीही काही घरी नेत नाही.

त्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. हिवाळ्यातल्या प्रत्येक रविवारी मी रिंडलवर असायचो. कॉलिन आणि नोएलीन मला आलटून पालटून बांधत. पुढे नोएलीन वारली, कॉलिनचे गुडघे गेले आणि मी गॅरेजच्या भिंतीवर दाताळ्याशेजारी लटकलो. माझ्या जबड्याला गंज चढला. पट्ट्याचे एक टोक उंदरांनी कुरतडले, तिथे कॉलिनने काळी चिकटपट्टी गुंडाळली. मला माझ्या रूपाची लाज वाटू लागली. कोणी गॅरेजात आले की वाटायचे, दाताळे थोडे पुढे सरकले तर बरे होईल.

मग एका ऑगस्टमध्ये, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, कॉलिनची नात ब्रायर त्याच्याकडे राहायला आली. तिची शाळा नवी होती, अजून मैत्रीण नव्हती. वर्गातली इमोजेन आणि तिचा घोळका रविवारी रिंडलला जाणार, हे तिला कळले. "तूही ये ना," असे इमोजेन एकदा म्हणाली होती. तेवढ्या शब्दांवर ब्रायर आठवडाभर तरंगत होती.

कॉलिनने मला खाली उतरवले. गंज घासून काढला आणि जुन्या सवयीने पट्ट्याला मेंढीची चरबी चोळली.

"आजोबा, याला वास येतोय!"

"येऊ दे की, चिमणे. बर्फाला नाक नसतं."

ब्रायर हसली, पण नाक तिने धरूनच ठेवले.

रिंडलवर पोहोचल्यावर कॉलिनने वाकून तिचे बूट बांधले. गुडघे कुरकुरले. माझा पट्टा तिच्या कमरेला आवळून तो दोन पावले मागे उभा राहिला. इतक्यात इमोजेन आली. तिच्या कमरेला चकचकीत नवा पट्टा होता.

"ई! हे काय? कुत्र्याचा पट्टा बांधलायस?" सगळा घोळका खिदळला.

मित्रांनो, मला त्या क्षणी बर्फात गडप व्हावेसे वाटले. ब्रायरचे कान लाल झाले.

"माझा नाहीये," ती म्हणाली. "पेटीतला आहे."

"आणि ते आजोबा कोण? तुझे बूट बांधत होते ते?"

ब्रायरने मागे पाहिले नाही. "ते इथे मदत करतात. सगळ्यांनाच."

"बरं, दादाचा जास्तीचा पट्टा आहे माझ्याकडे, तो घे," इमोजेन म्हणाली.

दोरावर देखरेख करणाऱ्या रेविनने हाक मारली, "पेटीतला पट्टा नको असेल तर परत टाक गं बाई. ही छोटी केव्हाची ताटकळलीये."

ब्रायरने मला सोडले आणि पेटीत टाकले. कॉलिनने सगळे ऐकले होते. तो क्लबच्या खोपटाकडे गेला, खुंटीवरचा एप्रन गळ्यात अडकवला आणि भट्टीशी जाऊन सॉसेज उलटू लागला.

मला त्या छोटीने उचलले. तिचे नाव लुसिया. ती पहिल्यांदाच बर्फ पाहत होती. ती पडायची, उठायची, पुन्हा दोर धरायची. "बाबा, हा मला सोडतच नाही!" ती ओरडायची. खरे सांगतो, इतक्या वर्षांनी काम मिळाल्याचा मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही लाज वाटली.

जेवायच्या वेळी सगळे रांगेत उभे राहिले. लुसियाच्या कमरेला मी होतोच. आमच्या पुढे इमोजेन आणि ब्रायर.

"काका, कांदा जास्त घाला हं," इमोजेन म्हणाली.

"हवा तेवढा घे. सॉसेज करपलंय, ते कांद्याखाली झाकलेलंच बरं."

मग ब्रायर पुढे झाली. कॉलिनने पावाच्या तुकड्यावर सॉसेज ठेवले आणि तिच्याकडे पाहून अगदी अदबीने विचारले, "सॉस हवा का, ताई?"

ना चिमणी, ना ब्रायर. परक्याला विचारावे तसे. तिने सांगितलेले खोटे तो तिच्यासाठी सांभाळत होता.

ब्रायर पाव घेऊन बाकावर बसली. पाव तिने न खाता बाजूला ठेवला. ती उठली आणि भट्टीपाशी, सगळ्या रांगेसमोर येऊन उभी राहिली.

"हे माझे आजोबा आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "मी खोटं बोलले. आणि लुसियाने बांधलाय तो पट्टा आमचा आहे. माझ्या आजीने शिवलाय."

"मग आधीच का नाही सांगितलंस?" इमोजेनने विचारले. ती चिडवत नव्हती, तिला खरेच कळले नव्हते.

लुसिया नाखुशीने पट्टा सोडू लागली. कॉलिन पुढे आला. त्याने नोएलीनच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. फिरवतच राहिला. मला वाटले, आता हा मला घरी नेणार.

"राहू दे, बाळा," तो लुसियाला म्हणाला आणि त्याने पट्टा पुन्हा आवळला. "पेटीत गेला तो पेटीचा झाला. इथली रीत आहे."

"पण आजोबा, तो मी खोटं सांगून टाकला होता!"

"पेटीला ते कुठे कळतं, चिमणे?"

ब्रायर त्याच्या एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली. कॉलिनच्या एका हातात अजून चिमटा होता. दुसऱ्या हाताने तो तिला थोपटत राहिला. संध्याकाळी दोघे माझ्याशिवाय परत गेले.

मी अजून रिंडलच्या पेटीत असतो. ब्रायर दर हिवाळ्यात येते, माझा जबडा पुसते, निघालेला टाका घालते आणि रांगेतल्या पुढच्या मुलाच्या हाती मला देते. मला घरी नेऊ का, असे तिने कधी विचारलेले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू असेल. ती वापरा, दुरुस्त करा, नाहीतर दुसऱ्याला द्या. लोक तिला हसले तर तुम्हीही खुशाल हसा. आम्हा वस्तूंना राग येत नाही. फक्त ती तुमच्या हाती देणारे माणूस जर मागे उभे असेल, तर वळून बघा आणि ते तुमचे कोण, हे सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगा.