गाठ सोडायचा दिवस

चूक हौशीराम आबाची. हे आधीच सांगतो, कारण त्या घरात कुणी सांगणार नाही.

मी कॅन बोलतोय. प्लॅस्टिकचा, गोडेतेलाचा. तेल संपल्यावर आबाच्या धाकट्या पोरानं, आदिनाथनं, मला धुतलं, झाकणात सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं आणि पिळून बंद केलं. आत नुसती हवा. तेव्हापासून मी पोरांच्या पाठीला. तिकोणा पेठेत या घरची पोरं पवना धरणाच्या पाण्यात अशीच पोहायला शिकली.

एक मे रोजी शाळेत झेंडा झाला की अख्खं घर धरणाच्या काठावर येतं. आंब्याखाली सतरंजी, तीन दगडांची चूल, मटण. बाया भाकऱ्या थापतात, म्हातारे पेले भरतात. याला सुट्टी म्हणतात.

उन्हाळ्यात पाणी हटलं की बुडालेल्या जुन्या शाळेचं जोतं वर येतं. शिकलेलं पोर कॅन बांधून तिथवर पोहत जातं. तिथं त्याची गाठ सोडतात आणि ते मोकळ्या पाठीनं परत येतं. आजवर सगळे मुलगेच. यंदा पहिल्यांदा मुलगी होती. सृष्टी, आबाची नात. सगळा एप्रिल ती माझ्यासोबत पाण्यात होती.

त्या दिवशी आबाला पेल्यात घालायला पाणी हवं होतं. बाटल्या गाडीत. गाडीपर्यंत जायचा कंटाळा. धरण दोन पावलांवर, आणि मी हाताशी होतो. झाकण निघेना, तर त्यानं कडेनं सुरी घालून रबर उकरलं, चुलीत टाकलं आणि मला धरणात बुडवून भरलं. पाणी संपल्यावर झाकण नुसतं फिरवून मला बाजूला ढकललं.

"आबा, माझा कॅन कुटाय?" सृष्टी आली.

"हा काय. ये, बांधतो."

भाकरी थापता थापता तिची आई प्रेरणा म्हणाली, "आबा, झाकण घट्ट हाय ना?"

"मी काय आज बांधतोय व्हय? तू तव्याकडं बघ. करपतीय."

ती तव्याकडं बघायला लागली.

जोत्यावर आदिनाथ वाट बघत उभा होता. सृष्टी निघाली. हात छान मारत होती. अर्ध्यात माझ्यात पाणी शिरायला लागलं. मला तोंड आहे, पण ओरडता येत नाही. मी भरलो, तिच्या पाठीवर ओझं झालो. ती दोनदा खाली गेली. आदिनाथनं कपड्यासकट उडी मारली.

काठावर ती ओकली, खोकली.

"घाबरली," आबा म्हणाला. "पोरींचं काम न्हाई ते. मी आधीच म्हणलं होतं."

म्हटलं नव्हतं. आदिनाथनं मला उलटं केलं. भळाभळा पाणी पडलं. त्यानं झाकणात बोट फिरवलं.

"आबा, ह्यातलं रबर कुटंय?"

"सणासुदीला वाद नको. बस जेवायला."

आदिनाथनं मला खाली ठेवलं. मग बसला. सगळ्यांना कळलं होतं. रस्सा चांगला झालाय, असं कुणीतरी म्हणालं.

आता मला मधोमध कापलंय. खालच्या अर्ध्यात कोंबड्या पाणी पितात. वरचा अर्धा, झाकणासकट, उकिरड्यावर आहे. बोलतोय तो हाच.

पोराच्या पाठीला कॅन बांधाल तेव्हा आधी झाकण उघडून बघा. बांधणारा म्हातारा चिडला तरी बघा.

सृष्टीला फक्त जोत्यापर्यंत जाऊन मोकळ्या पाठीनं परत यायचं उरलं होतं. ती आता पाण्यात उतरत नाही.