आधी पूर्वपक्ष

आमच्या घरात भांडणाला नियम होता. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण होता. समोरच्याची बाजू आधी आपण मांडायची, ती ऐकून त्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं म्हणायचं, आणि मगच आपण आपलं उत्तर द्यायचं. तोवर उत्तराला बंदी. ही सवय आम्हाला पुण्यात एम.ए.ला असताना सुमेधाबाईंनी लावली. आपल्याकडे वाद घालायची रीतच अशी, त्या म्हणायच्या, आधी पूर्वपक्ष आणि मग खंडन. ज्याला पूर्वपक्ष धड मांडता येत नाही त्याला त्या वर्गात सरळ खाली बसवायच्या. मी आणि अंबरीश कधी खाली बसलो नाही. त्यातूनच आमचं जमलं.

बाई जर्मन चिद्वाद, म्हणजे आयडियालिझम, शिकवायच्या. त्या तत्त्वज्ञांची नावं वर्गात कुणाच्याच जिभेवर बसेनात, तेव्हा अंबरीशने त्यांना गावांवरून आडनावं देऊन टाकली. कोनिग्सबर्गकर, येनाकर, बर्लिनकर. बाई आधी रागावल्या, मग त्याही तसंच म्हणायला लागल्या. कोनिग्सबर्गकरांचं म्हणणं असं, की जग आपल्याला दिसतं ते आपल्याच बुद्धीच्या चौकटीतून; वस्तू मुळात कशी आहे हे आपल्याला कधीच कळायचं नाही. येनाकर म्हणाले, जे कधीच कळायचं नाही ते ठेवता कशाला? काढून टाका, सुरुवात 'मी'पासून करा. मग तो 'मी' एवढा फुगला की निसर्गाला जागा उरेना, म्हणून एका तरुणाने निसर्गाची बाजू घेतली. आणि त्याचाच वर्गमित्र, पुढे बर्लिनकर झाला तो, म्हणाला की तुम्ही सगळेच अर्धे बरोबर आहात. ज्ञान एकेक विरोध पचवत पुढे जातं आणि शेवटी त्याच्या बाहेर काहीच उरत नाही. पन्नासएक वर्षांत एवढी मोठी भांडणं, आणि आम्ही ती कॅन्टीनमध्ये पुन्हा भांडायचो.

अंबरीश कोनिग्सबर्गकरांचा. माणसात शेवटी असं काहीतरी उरतंच जे दुसऱ्याच्या हाती लागत नाही, आणि त्याला मान द्यावा, एवढंच त्याचं म्हणणं. मी कट्टर बर्लिनकर. जे मांडता येत नाही ते नसतंच, असं मी ठणकावून सांगायचे. नुसतं, थेट, आतून वाटलेलं काही असेल तर ते सगळ्यात रिकामं. ते विचारातून जाईल, वादातून जाईल, तेव्हा कुठे त्याच्यात काही भरेल. हे मी पुढे शेकडो पोरांना शिकवलं. पगार त्याचाच मिळतो.

आम्ही दोघंही पीएच.डी.ला डब्लिनच्या दक्षिणेला, कॉर्क शहरात आलो. ती झाल्यावर मला दोनेक तासांवरच्या लिमरिकला कॉलेजात शिकवायची नोकरी लागली, त्याला कुठेच लागली नाही. जर्मन चिद्वादाच्या जागा या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या दोन एका घरात कशा येणार? तो कॉर्कजवळच, रिंगास्किडीला, एका औषधाच्या कारखान्यात लागला. कामाच्या पद्धती लिहून काढायच्या: टाकी कशी धुवायची, धुतल्यावर कुणी तपासायची, कुणी सही करायची. इतकं स्वच्छ लिहायचा की त्याची मॅनेजर त्याची पानं नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवायची. सोमवार ते शुक्रवार कॅरिगलाइनला एक भाड्याची खोली, शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून चार्लव्हिलवरून माझ्याकडे. असं पाच वर्षं. कसं चाललंय विचारलं की म्हणायचा, "ग्रँड." म्हणजे मजेत. हा शब्द त्याने इथेच उचलला आणि त्याच्यामागे काय काय लपवलं ते मला दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. मला बढतीसाठी दोन लेख पूर्ण करायचे होते.

मेमधल्या एका शनिवारी सकाळी, पोहे खाताखाता, तो म्हणाला, "पुण्याहून पत्र आलंय. एका कॉलेजात तत्त्वज्ञानाचा विभाग नव्याने सुरू करतायत. मराठीतून शिकवायचं."

"मग?"

"जावंसं वाटतंय."

"नुसतं वाटतंय?"

"हो. नुसतं वाटतंय. ठरवलेलं काही नाही. तुझ्याशी बोलून बघू म्हटलं."

मला तिथे जाणं शक्य नव्हतं हे आम्हा दोघांना माहीत होतं. तो गेला असता तर एकटाच गेला असता, आणि पाच वर्षं आठवड्यातून दोन दिवस भेटणारं लग्न आणखी किती ताणायचं? घाबरलेली बायको रडते, चिडते, ताट सरकवते. मी नियम आठवला. चमचा खाली ठेवला आणि म्हटलं, "थांब, आधी तुझी बाजू मी मांडते."

आणि मी मांडली. अशी मांडली की बाईंनी उभं राहून ऐकली असती. म्हटलं, "तू या देशात विचार करायला आलास आणि टाक्या धुवायच्या पद्धती लिहितोयस. त्या तू चांगल्या लिहितोस, हाच तुझा खरा त्रास आहे. वाईट लिहिल्या असत्यास तर निदान सुटला असतास. तुझ्या डोक्यात वाक्यं अजून मराठीतच तयार होतात आणि ती ऐकायला इथे माझ्याशिवाय कुणी नाही, मीही शनिवार-रविवारीच." तो खायचा थांबला होता. मला थांबता आलं असतं. पण पूर्वपक्ष अर्धा सोडायचा नसतो. मी पुढे म्हटलं, "आणि माझ्या कॉलेजातल्या पार्ट्यांना तू येतोस तेव्हा लोक तुला विचारतात, तू काय करतोस? तू सांगतोस, औषधांच्या कारखान्यात आहे. मग ते माझ्याकडे वळतात. आपलं असणं दुसऱ्याच्या नजरेत उमटल्याशिवाय पुरं होत नाही, असं मी वर्गात शिकवते, आणि माझ्या शेजारी उभा असलास की तू कुणालाच दिसत नाहीस. बहुतेक मलाही नाही."

तो म्हणाला, "हो. हेच माझं म्हणणं. मला स्वतःलाही एवढं स्पष्ट कळलं नव्हतं."

लाज वाटते सांगायला, पण मला तेव्हा बरं वाटलं. वर्गात अवघड प्रश्न सुटला की वाटतं तसं. नवरा हातातून चालला होता आणि मी स्वतःवर खूष होते.

आता त्याची पाळी. माझी बाजू त्याने मांडायची. तो उठला, कपाटातून दोन कप काढले, चहा ओतला, आणि माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "तुझी बाजू. तुला मी हवा आहे."

मी वाट बघितली. "पुढे?"

"एवढीच."

"अंबरीश, हा काय पूर्वपक्ष झाला? एका वाक्याचा? ना कारण, ना आधार. अपुरं आहे."

तो वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी अजून विसरलेले नाही. त्यात राग नव्हता, तो फक्त थांबला होता. मग म्हणाला, "बरं. पुन्हा मांडतो."

दुसऱ्यांदा तो म्हणाला, की माझी नोकरी आत्ता कुठे पक्की झाली आहे, ती सोडून पुण्यात माझ्या विषयाला काही भविष्य नाही. मी म्हटलं, "हे बरोबर आहे, पण अजून अपुरं." तिसऱ्यांदा त्याने माझ्या इथल्या पासपोर्टचा मुद्दा घेतला, तो पुढच्या वर्षी मिळायचा होता. मग आमच्या कॅसलट्रॉयच्या फ्लॅटचा घेतला, दोन ठिकाणी राहून पाच वर्षं निभावलंच की, हेही घेतलं. मी मधेमधे दुरुस्त्या सुचवत होते. हा मुद्दा आधी घे, याला जोर दे. चहा निवून गेला. शेवटी सगळं नीट रचून झालं, कुठे फट उरली नाही, आणि मी समाधानाने म्हटलं, "हो, हेच माझं म्हणणं."

मग त्याने उत्तर दिलं. फार वेळ लागला नाही.

"तुझी नोकरी तुझ्याकडेच राहील. पासपोर्ट तुला मिळेलच. फ्लॅट एकटीला पुरून उरेल. मग माझ्या जाण्याने तुझं अडतं कुठे, इरा?"

नियमाप्रमाणे मला उत्तर द्यायला हवं होतं. पण तो माझ्याच म्हणण्याला उत्तर देत होता आणि ते म्हणणं मीच मान्य केलं होतं. त्याने ताटल्या उचलल्या, धुतल्या, पुसून जागेवर ठेवल्या. सोमवारी त्याने पुण्याला होकार कळवला.

ऑगस्टमध्ये तो गेला. डब्लिनच्या विमानतळावर आम्ही दोघं फार शहाण्यासारखं वागलो. सुरुवातीला रोज फोन, मग एक दिवसाआड, मग रविवारी. डिसेंबरात त्याने, शक्य तितक्या हळुवार शब्दांत, कायमचं वेगळं व्हायचं का असं विचारलं. पूर्वपक्ष मांडायला मी नाही म्हटलं. त्यानेही आग्रह केला नाही. घटस्फोटाची कागदपत्रं तो तिथून तयार करून पाठवणार होता.

फेब्रुवारीत वर्गात तो धडा आला, दोन वर्गमित्रांच्या भांडणाचा. निसर्गाची बाजू घेणारा आणि बर्लिनकर तरुणपणी ट्युबिंगेनला एका खोलीत राहिलेले, जिवाभावाचे दोस्त. पुढे बर्लिनकराने आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत एक बोचरा टोमणा मारला. मित्राला तो लागला. त्याने पत्र लिहून विचारलं, की हे मला उद्देशून होतं, की माझं म्हणणं चुकीचं वापरणाऱ्यांना? त्या पत्राचं उत्तर गेल्याचं कुणाला ठाऊक नाही. मैत्री तिथे संपली. मी हे सांगून टोमण्यामागचा तात्त्विक मतभेद फळ्यावर लिहायला घेतला, तेव्हा ईफा नावाच्या मुलीने हात वर केला.

"पण त्याला मतभेद समजून घ्यायचा नव्हताच ना? तो तर त्याला माहीतच असणार. त्याला फक्त एवढंच ऐकायचं होतं, की नाही रे, तुला नाही म्हटलं. एक ओळ पुरली असती."

मी म्हटलं, एक ओळ अपुरी असते. हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मी खडू खाली ठेवला. मुलांना दहा मिनिटं आधी सोडलं. त्यांनी कारण विचारलं नाही, ती आनंदात गेली.

कॉलेजातल्या माझ्या खोलीत येऊन मी अंबरीशला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेचार वाजले होते. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"बोल, इरा. सगळं ठीक ना?"

"तू पहिल्यांदा मांडलं होतंस तेच बरोबर होतं," मी म्हटलं. "मेमधे. मला तू हवा आहेस, एवढंच. बाकीचं सगळं मी तुझ्याकडून वदवून घेतलं. हो, हेच माझं म्हणणं होतं. हेच आहे."

तो गलक्यापासून लांब गेला असावा. आवाज कमी झाला.

"मी थांबलो होतो गं तेव्हा," तो म्हणाला. "तू हो म्हणाली असतीस तर माझ्याकडे त्याला उत्तरच नव्हतं. मी राहिलो असतो."

"आणि आता?"

अंबरीश खोटं बोलत नाही. दिलासा द्यायलासुद्धा नाही; यावरून मी त्याला कॉलेजात असल्यापासून चिडवत आले. तो विचार करून उत्तर देणार हे मला माहीत होतं, म्हणून मी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून बसले.

"आता तू त्या दिवशी सांगितलेलं सगळं मला पटलंय, इरा," तो म्हणाला. "माझी बाजू. तू फार चांगली मांडली होतीस."

त्याचा तास होता. मी त्याला अडवलं नाही. मग दार आतून लावून घेतलं आणि दुपारच्या मीटिंगची वेळ टळून गेली तरी रडत राहिले.