आवडाबाईच्या हातातली काशाची वाटी

मी एक काशाची वाटी बोलतेय. तळहातात मावेन एवढीच आहे मी. माझ्यात कुणी कधी आमटी वाढली नाही की खीर घातली नाही. माझा जन्मच पायांसाठी. तळव्याला तेल लावायचं आणि मला पालथी धरून गोल गोल घासायचं, तळवा काळा पडेपर्यंत. मग माणसाला बरं वाटतं, डोळे जड होतात.

मला कल्याणच्या बाजारातून गुरुदत्तराव वकिलांनी आणलं, त्याला आता तीसेक वर्षं झाली. त्यांचं घर पारनाक्याला. घरात त्यांची पत्नी कमळाबाई आणि एकुलती एक मुलगी मंदाकिनी. कमळाबाईंचे गुडघे ऐन तिशीत धरलेले, म्हणून चोळायला एक बाई कायमची ठेवली होती. तिचं नाव आवडा.

आवडा खडवलीकडची, कुणब्याची. नवरा तापाने गेला तेव्हा पोटची नंदा चार वर्षांची होती. तिला कडेवर घेऊन ती या घरी आली. गोठ्यामागची खोली, दोन वेळचं जेवण, महिन्याचा पगार आणि दिवाळीला लुगडं. त्या बदल्यात तिचे हात या घराचे. शेजारपाजारच्या बायका यायच्या, म्हणायच्या, "वहिनी, सून बाळंत झाली आहे, तुमच्या आवडाला चार दिवस पाठवा." कमळाबाई हसून सांगायच्या, "आमची आवडा बाहेर जात नाही." तेव्हा आवडाला त्याचा अभिमान वाटायचा. मीही जवळच असायचे, मलाही वाटायचा.

हातही तसेच होते तिचे. रुंद, उबदार, अंगठ्याजवळ घट्टे पडलेले. कुठे दुखतंय ते तिला सांगावं लागत नसे. संध्याकाळी सगळ्यांचं आटोपलं की ती मला घेऊन खोलीत जायची आणि माझ्या तळाशी राहिलेल्या तेलाने नंदाचे पाय चोळायची. नंदाला गुदगुल्या व्हायच्या. ती पाय ओढून घ्यायची आणि लगेच परत पुढे करायची.

पुढे नंदाचं लग्न झालं. जावई दौलत, खडवलीपलीकडच्या पाड्यावरचा, कष्टाळू आणि मितभाषी. मंदाकिनीही लग्न होऊन पुण्याला गेली. आणि एका वर्षी दोघींना एकदमच दिवस राहिले. मंदाकिनी सातव्या महिन्यात माहेरी आली.

आवडाने आठवडाभर मनात घोळवून एके दुपारी विषय काढला. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या.

"वहिनीबाई, नंदीला इथं आणू का? पहिली खेप आईकडं असते."

"गोठ्यामागे बाळंतीण कुठे ठेवतेस? ओल आहे तिथे."

"मग मी जाऊ का महिनाभर?"

कमळाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या दुष्ट नव्हत्या. आवडा आजारी पडली तेव्हा त्यांनी स्वतः काढा करून दिला होता. "मंदाचा सव्वा महिना होऊ दे," त्या म्हणाल्या, "मग खुशाल जा, मी दोन लुगडी देईन नंदासाठी. तिकडे सासू आहे की तिला. माझ्या मंदाला तुझ्याशिवाय कोण आहे?"

आवडा थांबली. पगारी बाई होती, तिच्या थांबण्याला कुणी थांबणं म्हणत नव्हतं.

मंदाकिनीला मुलगा झाला. रोज सकाळी आवडा तिला अंगभर तेल लावून चोळायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायची, शेगडीवर शेक द्यायची. सगळ्यात शेवटी माझी पाळी. पंधराव्या दिवशी मंदाकिनीचा उजवा पाय झाला होता, डावा घ्यायचा होता, तेवढ्यात परसातून हाक आली. आवडा हात पुसत बाहेर गेली. मी तिच्याच हातात राहिले होते.

विहिरीजवळ दौलत उभा होता. पहाटे निघून चालत आलेला. पागोटं काढून हातात धरलं होतं.

"मामी, नंदी गेली," तो म्हणाला. "काल गेली. बाळंत झाली, पोर तिसऱ्याच दिशी गेलं, मग तिला हुडहुडी भरून ताप आला."

आवडाने विहिरीच्या काठाला हात टेकला.

"पाचव्या दिशी मी निरोप धाडला व्हता. दगडू भाजीवाल्याकडं. मामींना लगोलग पाठवा म्हणून. तो म्हणं, घरात सांगितलं." त्याने पागोट्याची कड चुरगाळली. "नंदी वाट बघत व्हती. पाय गार पडलेले तिचे. आई येऊन चोळील, म्हणं."

स्वयंपाकघराच्या दारात कमळाबाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आवडाने त्यांच्याकडे पाहिलं. कमळाबाईंनी मान खाली घातली आणि पदर सारखा करत राहिल्या. दगडूचा निरोप कुठे थांबला, ते मला आणि आवडाला एकाच क्षणी कळलं.

आवडा आत आली, खाली बसली आणि मंदाकिनीचा डावा पाय मांडीवर घेतला.

"कोण आलं होतं गं?" मंदाकिनीने विचारलं.

"गावाकडचं माणूस."

"आज तुझे हात असे गार का लागतात?"

"विहिरीवर गेले व्हते, ताई."

तिने तो पाय पुरा केला. घाई केली नाही, बोटाबोटामधून तेल फिरवलं. कित्येक पावलांवर मी फिरले आहे, पण त्या एका पायावरून मला कसं फिरवलं होतं, ते सांगायला माझ्याजवळ शब्द नाहीत. मग तिने बाळंतिणीला पांघरूण घातलं, मला फडताळात ठेवलं आणि जावयाबरोबर निघून गेली.

दहा दिवसांनी आवडा परत आली. सगळ्यांना वाटलं, कामाला आली. ती ओटीवरच उभी राहिली.

"वहिनीबाई, मी आजपासून कुणाच्या घरची न्हाय. बोलावतील तिथं जाईन. जायचं नसंल तिथं न्हाय म्हणीन."

कमळाबाईंचा चेहरा पडला. "राहशील कुठे? अंथरुणाला खिळलीस तर पाणी कोण देईल तुला?"

"बघीन."

"मी मंदासाठी केलं, आवडा. तूही आईच आहेस, तुला समजायला हवं."

"समजतंय की," आवडा म्हणाली. "म्हणून तर ऱ्हाता येत न्हाय."

मंदाकिनीला तोवर सगळं कळलं होतं. ती भिंतीला धरून बाहेर आली, मला आवडाच्या हातात ठेवलं आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आवडाने तिला थोपटलं. स्वतः मात्र रडली नाही.

शेणाळे तळ्याच्या बाजूला तिने एक पडवी भाड्याने घेतली. पहिला महिनाभर कुणीही बोलावलं नाही. वकिलांना दुखवायची कुणाची तयारी नव्हती. ती रोज मला घासून लख्ख करायची, दारात बसायची, आणि संध्याकाळी परत फळीवर ठेवायची. एकदा चार दिवस तापाने पडली. कमळाबाई म्हणाल्या होत्या ते खरं झालं, पाणी द्यायला कुणी नव्हतं.

पहिलं बोलावणं आलं ते रेल्वेच्या चाळीतून. सिल्वेस्टर नावाचा इंजिनावरचा माणूस दारात आला. त्याची बायको अ‍ॅग्नेस बाळंत झाली होती. ती मूळची ठाण्याची, आई लहानपणीच गेलेली. आवडा किरिस्तावांच्या घरात कधी गेली नव्हती. उंबऱ्यावर क्षणभर अडखळली.

अ‍ॅग्नेस खाटेवरून म्हणाली, "माझ्या हातचं पाणी नको पिऊ बाय, पण आत तरी ये."

आवडा आत गेली. तिने अ‍ॅग्नेसचे पाय हातात घेतले, आणि ते गार होते. तेव्हा इतक्या दिवसांनी तिचा बांध फुटला. ती चोळत राहिली आणि रडत राहिली. अ‍ॅग्नेसने काही विचारलं नाही. पायही मागे घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून आवडा तिच्याकडे पाणी पिऊ लागली.

मग हळूहळू बोलावणी वाढली. आवडाने एकच नेम केला. जिला आई नाही, तिच्याकडे आधी जायचं. मोठ्या घरचे गडी दारात ताटकळत, आणि ही एखाद्या भोईणीच्या झोपडीत शेक देत बसलेली असायची. कुणी कायमची ये म्हटलं तर हात जोडायची. नाही म्हणण्याचं सुख तिला मिळालं होतं. पण घरी आल्यावर बोलायला माणूस नव्हतं. ती मला पुसायची आणि "झालं गं नंदे," एवढंच म्हणायची.

आठेक वर्षांनी मंदाकिनी त्या पडवीच्या दारात आली. कमळाबाईंचे पाय पार गेले होते.

"आई तुझं नाव घेते, आवडाबाई. एकदा ये."

आवडाने तिला बसायला पाट दिला. "ताई, तू बोलावलंस तर मी पुण्यालाही येईन. पण तिथं माझे हात चालायचे न्हाईत."

मंदाकिनी जराशाने उठली, वाकून नमस्कार केला आणि गेली. पंधरा दिवसांत कमळाबाई वारल्याचं कळलं. त्या दिवशी आवडा कामाला गेली नाही. मला मांडीत घेऊन बसून राहिली. "म्हातारीचे पाय चोळले असते तर काय झिजले असते माझे हात," असं एकदा म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "न्हाय, न्हायच जमलं असतं." जेवली मात्र दोन दिवस नाही.

गेल्या वर्षी तिची बोटं सुजून वाकडी झाली. मला धरता येईना. अ‍ॅग्नेस तोवर ठाण्याला राहायला आली होती, मासुंदा तळ्याजवळ. ती आवडाला घेऊन गेली. रोज सकाळी स्वतः तिचे पाय चोळायची. जन्मभर दुसऱ्यांचे पाय मांडीवर घेतलेल्या बाईचे तळवे मी पहिल्यांदाच पाहिले. भेगाळलेले, टाचा फुटलेल्या. अ‍ॅग्नेसच्या हातात आवडाचा जोर नव्हता, पण आवडा तक्रार करायची नाही. श्रावणात एका सकाळी पाय चोळून झाले, अ‍ॅग्नेसने तिला हाक मारली, आणि तिने ओ दिली नाही.

आता मी अ‍ॅग्नेसच्या खिडकीत असते. माझी कड एका ठिकाणी झिजून पातळ झाली आहे. तिच्या मुली मला उचलतात, वाजवून बघतात आणि ठेवून देतात. माझी काही तक्रार नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी बाई येत असेल. तुमच्या लेकी-सुनांना चोळत असेल, तुमचं तान्हं पायावर घेऊन न्हाऊ घालत असेल. तिला तेल द्याल, चहापाणी द्याल, सणाला लुगडं द्याल. ते द्याच. पण एक दिवस तिला जवळ बसवून विचारा, तिची लेक कशी आहे. आणि ती सांगेपर्यंत उठू नका.