हंबीरमास्तरांचं माप

"मान वळव, हंबीर. डोळं फिरवून बघतोय त्यो चोर, मान वळवून बघतोय त्यो डायव्हर."

पस्तीस वर्षांपूर्वी, घाट उतरणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये ऐकलेला हा आवाज. गाडी शिकवणाऱ्या उस्तादाच्या गालात कायम तंबाखू असायची, त्यामुळे शब्द भिजून बाहेर पडत. पण पडले की चिकटत. हंबीररावांनी तो आवाज गाठीशी बांधला, पुढे स्वतःच्या तोंडात घेतला आणि निम्म्या कोल्हापुराला ऐकवला. आणि आज सत्तावन्नाव्या वर्षी, मंगळवार पेठेतल्या ज्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ते शिकवत तिथेच, त्यांना कुणीतरी सांगत होतं,

"मास्तर, मान अजिबात हलवू नका. सेंटर घ्यायलोय."

सांगणारा राजवीर, स्कूलचा नवा मालक. त्याचे वडील, सगळ्यांचे तात्या, गेल्या वर्षी वारले. दोन गाड्या, दारावरची पाटी आणि हंबीरराव अशा तीन वस्तू त्याला वारसाहक्काने मिळाल्या. तिन्हींकडेही तो एकाच नजरेने बघे: चालतंय तोवर चालवू.

हंबीरराव भंगारातल्या एका गाडीच्या सीटवर बसले होते. ते सीट लोखंडी चौकटीवर वेल्डिंग करून घेतलं होतं. पुढ्यात खेळण्यातलं स्टिअरिंग, पायाशी तीन पेडलं, समोर भलामोठा पडदा आणि पडद्याच्या डोक्यावर सुपारीएवढा कॅमेरा. पडद्यावर राजवीरचा कॉलेजपासूनचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. आता शिकाऊ माणसाने आधी दहा दिवस यावर बसायचं आणि मगच खऱ्या गाडीला हात लावायचा, असं त्याने ठरवलं होतं.

"कॅमेरा तुमचं तोंड बघतोय," राजवीर समजावत होता. "तुम्ही डावीकडं वळला की रस्ता बी डावीकडं सरकतोय. मान बोटभर वळवली तर पडद्यावर हातभर वळायची. न्हायतर तुम्ही पडदा सोडून भिंतच बघत बसशीला."

"म्हंजे तोंड एकीकडं आनि नजर दुसरीकडं," हंबीरराव म्हणाले. "बोहल्यावरच्या नवरीगत."

राजवीरने बटण दाबलं. हंबीररावांनी मान वळवली. रस्ता हलला नाही. पुन्हा वळवली. रस्ता ढिम्म. राजवीर वायरी उपटून लावू लागला. खिडकी लावली, पंखा बंद केला, मास्तरांना टोपी काढायला लावली. अर्ध्या तासाने दोष सापडला. सीटच्या मागे भिंतीवर तात्यांचा हार घातलेला मोठा फोटो होता. कॅमेऱ्याने चेहरा म्हणून तोच धरला होता.

"बरोबर हाय की," हंबीरराव म्हणाले. "जित्तेपणी कुणाचं ऐकून मान वळवली न्हाय, आता मेल्यावर कशाला वळवतील?"

राजवीर हसला आणि त्याने फोटो काढून कपाटावर ठेवला, तोंड भिंतीकडे करून. हंबीररावांनी ते पाहिलं. हाराची दोन सुकी फुलं फरशीवर पडली होती, ती उचलून त्यांनी खिशात टाकली. या पोराबद्दल त्यांना जे वाटायचं ते वाटून झालं होतं. त्यात आता भर पडायला जागा नव्हती.

मग पडद्यावरची गाडी सुटली. रस्ता परदेशातला, धुतल्यासारखा. दोन्हीकडे हिरवळ, मध्ये ना खड्डा ना खाचा.

"म्हस न्हाय, रिक्षा न्हाय, उलट्या बाजूनं येणारा येक दूधवाला न्हाय," हंबीरराव म्हणाले. "हितं शिकलेलं माणूस गंगावेशीच्या गर्दीत नेऊन सोडलं तर रडंल की रं."

"तुम्ही नेहमीसारखं चालवा. मी रेकॉर्ड करतोय."

हंबीरराव नेहमीसारखं चालवू लागले. दर चार-पाच सेकंदांनी मान डावीकडे, थेट खांद्यापर्यंत. पुन्हा समोर. पुन्हा डावीकडे. उजवीकडे जवळजवळ नाहीच.

याचं कारण, डॉक्टर सोडले तर, साऱ्या जगात दोघांना ठाऊक होतं. एक ते स्वतः, दुसरी त्यांची आई चिमणाबाई. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने त्यांच्या डाव्या डोळ्यातला उजेड हळूहळू पुसत नेला. डॉक्टर म्हणाले, नस वाळली, आता काही व्हायचं नाही. हंबीरराव दवाखान्यातून निघाले ते सरळ स्कूलमध्ये आले आणि शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसले. लायसन नवं करायच्या वेळी डोळे तपासायच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ होती. गाडीशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि आंधळ्या मास्तरला कोण ठेवून घेतं? आईला मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. ताटातली डावीकडची चटणी रोज तशीच राहते, हे तिने पाहिलं. तांदूळ निवडताना गुणगुणली तेवढी,

*येक गं दिवा गेला, येक तेवतो देव्हारी*
*अर्ध्या गं उजेडात ल्योक हाकतो सवारी*

झालं. तेवढंच. त्यानंतर तिने चटणी उजवीकडे वाढायला सुरुवात केली.

शिकवताना मात्र हंबीररावांनी आपल्या व्यंगाचीच विद्या केली. उस्तादाचं वाक्य होतंच हाताशी. "मुंडकं वळवा, मुंडकं," ते शिकणाऱ्यांवर खेकसत. "डोळं काय फिरवताय, मंडईत वांगी चोराय आलाय काय?" चार वर्षांत गावात अशी इतकी माणसं झाली की डावीकडे मान टाकून गाडी हाकणारा दिसला की लोक म्हणत, ह्यो हंबीरमास्तरांचा दिसतोय.

रेकॉर्डिंग संपलं. राजवीरने पडद्यावर आलेख काढला. लाल रेघ डावीकडे डोंगरासारखी चढत होती, पडत होती, पुन्हा चढत होती. उजवीकडे सपाट माळ.

हंबीररावांनी पेडलांवरचे पाय मागे घेतले. चार वर्षं झाकलेली गोष्ट टीव्हीएवढ्या पडद्यावर लाल शाईने लिहून आली होती.

राजवीर जवळ वाकून बघत होता. "मास्तर, डाव्या आरशाकडं केवढं ध्यान ओ तुमचं. पस्तीस वर्षांचा अनुभव बोलतोय ह्यो." त्याने मित्राकडून एक प्रोग्राम लिहून घेतला होता. तो प्रत्येक शिकाऊ माणसाची मान मास्तरांच्या मानेशी ताडून बघणार आणि टक्के देणार. "आजपास्नं हेच माप. साठच्या खाली रस्ता न्हाय."

हंबीरराव उठले, टोपी घातली. भीती ओसरली आणि तिच्या जागी तोच जुना तिटकारा येऊन बसला. एवढं धडधडीत समोर लिहिलंय, आणि इंजिनियर झालेल्या पोराला वाचता येत नाही.

माप सुरू झालं. पहिल्या आठवड्यात सगळे नापास. मग सगळे शहाणे झाले. रस्त्याचं काय व्हायचं ते होवो, दर पाच सेकंदांनी मान डावीकडे टाकायची. टक्के चढू लागले. राजवीर खूश. हंबीरराव बाकावर बसून बघत. मान टाकणारी ती रांग बघून त्यांना बैलपोळ्याची आठवण होई. फरक एवढाच की बैल शहाणे असतात.

त्या रांगेत चंदनाअक्का बसत नव्हत्या. म्हणजे खुर्चीत बसत, पण त्यांची मान मापात बसत नव्हती.

चंदनाअक्का पेठेतल्याच. वय पन्नासच्या आसपास. नवरा धनपाल धान्याचा व्यापारी. वर्षापूर्वी त्याची उजवी बाजू गेली. आठवड्यातून तीनदा त्याला व्यायामासाठी राजारामपुरीत न्यावं लागे. गाडी दारात होती, झाकून ठेवलेली. चालवायला धाकटा दीर यायचा. तो वर येत नसे. खाली गाडीत बसून हॉर्न दाबून धरायचा. अर्ध्या अंगाचा माणूस एकेक पायरी उतरून खाली पोचेपर्यंत तो हॉर्न थांबत नसे. पेठेतल्या बायका दारात येऊन बघत. धनपाल जिन्यात रडत असे आणि डोळे पुसायला त्याचा उजवा हात उठत नसे.

"तेवढा हॉर्न बंद करायचा हाय मला, मास्तर," पहिल्या दिवशी अक्का म्हणाल्या होत्या. "दुसरं कायबी न्हाय."

हंबीररावांनी त्यांना जुन्या पद्धतीने चार दिवस गाडीवर घेतलं होतं, माप सुरू व्हायच्या आधी. त्यांना कळलं होतं, ही बाई बघते. ज्वारी निवडणाऱ्या बाईचं असतं तसं ते बघणं; मान जागेवर, आणि सुपातला एकही खडा सुटत नाही. पस्तीस वर्षांत असा डोळा त्यांनी दोन-तीनदाच पाहिला होता. अर्थात तसं ते बोलले नाहीत. "बरं हाय," म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंही कुणी ऐकलेलं नव्हतं.

यंत्राने अक्कांना एकतीस दिले. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी राजवीर बाकीच्या पोरांसमोर म्हणाला, "अक्का, मान हाय का खुंटा? हलवा की जरा. मास्तरांकडं बघा, मास्तरांकडं."

पोरं हसली. अक्कांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी बाहेर पाहिलं.

आठव्या दिवशी अक्का चौसष्टवर आल्या. तोंडाने आकडे मोजत होत्या, एक, दोन, तीन, चार, आणि पाचला मान डावीकडे. दहा दिवस भरले नव्हते, पण सोमवारी आरटीओत टेस्ट होती. राजवीर म्हणाला, "आता रस्त्यावर घ्या ह्यांना."

शनिवारी सकाळी हंबीरराव त्यांना घेऊन निघाले. अक्कांचं स्टिअरिंग तसंच हलकं होतं, क्लच तसाच मऊ. पण तोंडात आकडे होते. चौकात आल्या, आणि पाचला त्यांची मान डावीकडे गेली. तेवढ्यात उजव्या गल्लीतून किटल्या लावलेली सायकल पुढे आली. हंबीररावांचा पाय आपोआप ब्रेकवर पडला. गाडी गचका खाऊन थांबली. सायकलचं चाक बंपरपासून वीतभर लांब. किटलीचं झाकण उडून रस्त्यावर गरगरत गेलं.

दूधवाला म्हातारा होता. तो ओरडला नाही. झाकण उचललं, धोतराला पुसलं, खिडकीशी आला आणि अक्कांना ओलांडून हंबीररावांना म्हणाला, "पावणं, शिकवणाऱ्याला डोळं हायत न्हवं?"

आणि निघून गेला.

अक्कांनी हँडब्रेक ओढला. मग त्या म्हणाल्या, "मला दिसलाता त्यो. लांबनंच दिसलाता, कडंनं. पर पाच झालं, डावीकडं बघायचं ऱ्हायलंतं. म्हणून तिकडं बघितलं."

आयुष्यभर हंबीररावांनी लोकांचा तिरस्कार केला होता: अर्धा क्लच दाबून ठेवून गाडी जाळणाऱ्यांचा, हॉर्नवर जगणाऱ्यांचा, तात्यांच्या पोराचा. तो सगळा तिरस्कार आता घरी परतणाऱ्या गुरांसारखा एकेक करून त्यांच्याच दारात येऊन उभा राहिला. ते उतरले, वळसा घालून उजवीकडे आले, गाडी स्वतः चालवत स्कूलवर आणली. वाटेत त्यांची मान चौदा वेळा डावीकडे वळली. आज पहिल्यांदाच त्यांनी ती मोजली.

राजवीर टेबलापाशी होता. अक्कांनी सगळं खरं सांगितलं. तो हसू दाबत म्हणाला, "खेळात चौसष्ट आनि रस्त्यावर भोपळा. मास्तर हुते म्हणून वाचला म्हातारा. अक्का, सोमवारचं सोडून द्या. सगळ्यांना जमतंयच असं नसतंय. घरात दीर हायती की तुमच्या."

अक्कांनी पिशवीतून शिकाऊ लायसनचा कागद काढला. घडी उलगडली, पुन्हा घातली आणि टेबलावर ठेवला. "व्हय," त्या म्हणाल्या. "दिरांना सांगते, तुमचं बरोबर हुतं म्हणून." आवाज अगदी शांत होता. हिशोब संपवून दुकान बंद करणाऱ्या माणसाचा असतो तसा. पदर सावरून त्या वळल्या.

हंबीरराव दाराशी उभे होते. बाहेर पेठ नेहमीसारखी वाहत होती. गप्प राहिलं तर सोमवारी सकाळी ते याच बाकावर बसणार होते, चहा येणार होता, आणि दोन गल्ल्या सोडून कुणीतरी हॉर्न दाबून धरणार होतं. बोललं तर बाकही नव्हता, चहाही नव्हता, आणि घरी आई उजवीकडे चटणी वाढून विचारणार होती, आज लवकर कसा?

"थांबा, अक्का."

ते टेबलापाशी गेले. अक्कांचा कागद उचलला, कोपऱ्यावर बसलेली घडी अंगठ्याने सरळ केली आणि त्यांच्या हातात दिला. मग टोपी काढून काखेत धरली.

"सोमवारी टेस्टला जायचं तुम्ही. आकडं मोजायचं न्हाईत. पयल्या चार दिवसांत बघत हुता तसंच बघायचं. त्येच बरोबर हुतं, मला त्याच दिवशी कळलंतं."

"मास्तर, पर तुमचं रेकॉर्डिंग..." राजवीर म्हणाला.

हंबीररावांनी पूर्ण मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय, राजवीर. चार वर्सं झाली."